घरचा वाफा

सांबाराचा वास सुटला की मला हल्ली आधी लाज वाटते आणि मग भूक लागते. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्याकडे वर्ध्याला तिला सांबारच म्हणतात, आणि बाहेरचा पाहुणा ‘वरून सांबार टाक’ हे ऐकून इडली शोधत बसतो, तो भाग वेगळा. दिवाळी सरते, सकाळी चुलीपाशी हात शेकावेसे वाटतात, आणि आंजीच्या आमच्या वावरात वाफे हिरवे होतात. यंदाही झाले. काल सकाळी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत गेले, वास आला, आणि जिथं होते तिथंच उभी राहिले. नाकाला पदर लावावासा वाटला. इतक्या चांगल्या वासाला नाक झाकणारी बाई कोणी पाहिली असती तर म्हणाली असती, हिचं डोकं फिरलं.

पूर्वी असं नव्हतं हो. हा माझा लाडका हंगाम. मेथी, सांबार, मुळा, पालक, गाजर. तिन्हीसांजेला जुड्या बांधायला बसलं की बोटं हिरवी होतात आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापतानाही तो रंग नखांत राहतो. जुडी बांधण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आणि बाजारात बसले की तोंड कोणी धरणार नाही. वर्ध्याच्या भाजीबाजारात पोतं अंथरून मी जुड्यांचा ढीग रचते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका घालते. “घ्या बाई, खाऊन पाहा. नाही आवडली तं उद्या आणून माह्या डोक्यावर मारा!” लोक हसतात आणि घेतात. आजवर कोणी आणून मारली नाही. मारायला हवी होती, असं आता वाटतं.

ही लाज शिकवली एका सशानं.

आमची सून पल्लवी समुद्रपूरची. तिच्या माहेरी कापूस. लग्न होऊन आली तेव्हा आंदणाच्या भांड्यांसोबत एक पिंजरा उतरला आणि पिंजऱ्यात मातकट रंगाचा, एक कान जरा वाकडा असलेला ससा. नाव भुऱ्या. सगळी गल्ली पाहायला जमली. शेजारची मंदा म्हणाली, “आंदणात कपाट पाह्यलं, गाडी पाह्यली, ससा पयल्यांदाच पाहून राह्यली बाप्पा.” आमच्या यांनी तर कपाळाला हात लावला. “वावरात ससा शिरला तं आपण गोफण घेऊन धावतो, अन् पोरीनं दारातून आत आणला!” भाजीवाल्याच्या घरी ससा, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पल्लवी नवी होती, पण घाबरली नाही. म्हणाली, “बाबा, तो भाजी कमीच खाते. त्याले गवत लागते.”

आणि खरंच, तिचे वडील समुद्रपूरहून एसटीत पोतं टाकून पाठवायचे. पोत्यात काय, तर वाळलेलं गवत. मी मनात म्हटलं, शेतकऱ्याच्या घरी माहेरून गवत येतं, काय म्हणतील लोक! पल्लवीनं मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. दिवसभर समोर वाळलं गवत हवं, खाईल तितकं. सकाळी मूठभर हिरवा पाला. गाजर म्हणजे त्याची मिठाई, बोटाएवढा तुकडा, तोही कधीमधी. पोळी नाही, भात नाही, बिस्कीट नाही, गूळ तर नाहीच. पाणी स्वच्छ. आंघोळ कधीच नाही, तो आपली आपण करतो. मी हो-हो म्हटलं. सासूचं हो-हो कसं असतं ते सुनांना विचारा.

कारण ती आणि आमचा अक्षय सकाळी गाडीवर बसून वर्ध्याला कामाला गेले की घरात मी आणि भुऱ्या. तो समोरचे दोन पाय उचलून, नाक हलवत माझ्याकडे पाहायचा. आणि समोर काय? काड्या. मला कसंतरीच व्हायचं. आमच्या घरी सुनेच्या माहेरचं माणूस आलं तर ताटाभोवती वाट्या मावत नाहीत, आणि हा माहेरचा एकटा जीव, याच्यापुढे जनावराचा चारा? लोकलाज नावाची काही गोष्ट आहे की नाही? मग मी त्याला गाजर दिलं. दुसऱ्या दिवशी दोन दिली. मग गूळ-पोळीचा काला. भिजवलेले हरभरे. चहासोबतचं अर्धं बिस्कीट, अर्धं मला. भुऱ्या काय फुगला म्हणता! मंदा म्हणाली, “सासूनं काय पोसलं बाप्पा, मांडीवर मावेना.” माझी छाती त्याच्याहून जास्त फुगली.

मग वास यायला लागला. आधी वाटलं पिंजऱ्याचा असेल. पिंजरा धुतला. वास तसाच. एक दिवस त्याला उचललं तर मागची सगळी बाजू चिकट, काळी, केसांचे गोळे झालेले. मला इतकी शरम आली! पल्लवीचा ससा, आणि माझ्या राखणीत असा घाण. ती यायच्या आत न्हाऊ घालू म्हणून मी चुलीवर पाणी ठेवलं, शिकेकाईही काढली. पण त्या दिवशी ती नेमकी लवकर आली. पातेलं पाहिलं, मांडीवरचा ससा पाहिला, आणि पदर खोचून तिनं आधी पातेलं खाली उतरवलं.

“आई, पाणी नका टाकू त्याच्या अंगावर. थंडी धरली तं जीव जाईल त्याचा. काय काय खाल्लं यानं?”

मी सांगितलं. काला सांगताना आवाज आपोआप बारीक झाला. ती रागावली नाही, हेच वाईट. ओल्या फडक्यानं, एकेक गोळा सोडवत, नाही सुटला तिथे कात्रीनं केस कापत तिनं त्याला साफ केलं आणि पुसता पुसता मला सांगत राहिली. सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या असतात म्हणे. एक कोरडी, गोल. दुसरी मऊ, लगडलेली, ती तो पहाटे स्वतःच तोंडानं उचलून खातो.

“ई! स्वतःचंच?”

“गाय रवंथ करते ना आई, तसं समजा. दुसऱ्यांदा पोटात गेलं की अंगी लागते. पण गोडधोड खाऊन पोट टम्म झालं की तो ते उचलत नाही, अन् मग त्याच्यावरच बसते.”

म्हणजे घाण त्यानं केली नव्हती. मी केली होती, मायेनं. नुसत्या गवतावर आणला तसा आठवडा-पंधरवड्यात भुऱ्या लखलखीत झाला. लेंड्या तुरीच्या दाण्यासारख्या, कोरड्या, बिनवासाच्या. स्वतःचं अंग चाटून, पंजे ओले करून तोंड पुसतो तेव्हा असा नीटनेटका दिसतो की आमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांनी त्याच्याकडून शिकावं. मी रोज उठून आधी त्याच्या लेंड्या पाहायला लागले. हसू नका. ज्याच्या पोटाची जबाबदारी घेतली त्याचं हेही पाहावंच लागतं.

ही लाज लहान होती. मीच गल्लीभर सांगत फिरले, “मी सशाले बिस्किटं चारली वं, काय भैताड बाई हाय मी!” हसून सांगता येते ती लाज फार काळ टिकत नाही. दुसरीचं तसं नाही. ती मी कोणाला सांगितली नव्हती, मंदालासुद्धा नाही.

संक्रांत जवळ आली होती. चार दिवस आभाळ राहिलं आणि सांबारावर मावा पडला. पालेभाजीवाल्याला आभाळ म्हणजे काळजाला घोर. यांनी शनिवारी सांजवेळी पंप पाठीवर घेतला आणि औषध मारलं. रविवारी सकाळी मी वावरात, सोमवारच्या बाजाराचं तोडायला बसलेली. पल्लवीला सुट्टी होती, म्हणून तीही आली. हातात बारकी टोपली. भुऱ्याचा सकाळचा पाला न्यायचा होता. “पालक रोज नाई देत आई, सांबार अन् मुळ्याचा पाला चांगला,” असं बोलत ती माझ्याच शेजारी वाफ्यावर बसली आणि चार काड्या खुडल्या.

“टाक! टाक ते!” मी इतक्या जोरानं ओरडले की विहिरीवरचे बगळे उडाले. “त्याच्यावर काल औषध मारलं. मरंल तो! घरच्या वाफ्यातलं तोड, थो पाह्य, विहिरीपाशी.”

घरचा वाफा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्यासारख्या पुष्कळ भाजीवाल्यांच्या वावरात एक लहान वाफा वेगळा असतो. त्यावर फवारा मारत नाहीत. पानांना भोकं असतात, मुळे वाकडे निघतात, पण चव अशी की दुसरं कालवण लागत नाही. तो आमच्या पोटासाठी. बाकीचं सगळं बाजाराचं. हे कोणी लपवत नाही आणि कोणी बोलतही नाही. माझ्या लग्नापासून मी असंच पाहत आले. मला त्यात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पल्लवीनं हातातल्या काड्या टाकल्या. बोटं मातीला पुसली. मग तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातात त्याच वाफ्यातली जुडी होती, अर्धी बांधलेली.

“मग हे, आई?”

“हे बाजारचं हाय.”

बोलून गेले आणि माझे शब्द माझ्याच कानांत पडले. सशाला नको, बाजारात चालेल. इतकी वर्षं हे मी रोज करत होते, पण तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. पल्लवी उठली, विहिरीकडे गेली, भोकं पडलेल्या पानांनी टोपली भरून आणली. परत येऊन साध्या आवाजात म्हणाली, “समुद्रपूरले आमच्या घरी तं बाजारातूनच येते सांबार. कापसात कुठं राह्यते?” टोमणा नव्हता. पोरीला आपली आठवण आली तशी तिनं सांगितली. टोमणा असता तर मी सासू आहे, चार उत्तरं दिली असती. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला, आणि मी खाली मान घालून जुडी पूर्ण बांधली. हात थांबले नाहीत. सवयीच्या हातांना लाज नसते.

दुपारी ती घरी गेल्यावर भाकरी खाताना मी यांना हळूच म्हटलं, “अवो, उद्याचा सांबार राहू द्यायचा का?”

“काऊन?”

“कालच तं औषध मारलं.”

त्यांनी घास खाली ठेवला. मला काय म्हणायचं ते त्यांना लगेच कळलं. माणूस समजूतदार आहे, तेच तर दुखणं. “डब्यावर किती दिवस थांबायचं थे लिहिलं हाय, मले वाचता येते. तेवढे दिवस थांबलो तं सांबार फुलावर येते, कोण घेईल? अन् न मारता नेला तं? एक भोक दिसलं की तुह्या त्या बाया जुडी बाजूले सारतात. अळी निघाली तं चारचौघांत फेकतात. त्यायले आरशासारखं पान पाह्यजे. मी का शौकानं पंप पाठीले बांधतो? पयले माह्याच अंगावर उडते थे.” मग आवाज चढला. “सशासाठी वेगळं तोडता, अन् मले शिकवून राह्यल्या!” भाकरी अर्धी टाकून उठले. राग माझ्यावर नव्हता. त्यांचीही मान खाली होती, ती मी पाहिली.

सोमवारी आम्ही माल नेला. इथं मला लिहायला आवडलं असतं की नेला नाही.

पोतं अंथरलं, ढीग रचला, पण तोंडातून हाक फुटेना. यांनी दोनदा वळून पाहिलं. माझ्या नेहमीच्या एक गिऱ्हाईक बाई आहेत. शिकवतात कुठेतरी, कडेवर नातू असतो. त्यांची सवय अशी की सांबाराची जुडी उचलायची, एक पान खुडायचं, चावून पाहायचं आणि मग पिशवीत टाकायची. त्या दिवशीही त्यांनी पान खुडलं. एक आपल्या तोंडात घातलं, एक नातवाच्या. माझा हात अर्धा उठला.

“बाई, धुऊन खा हो.”

त्या हसल्या. “मावशी, तुमच्या भाजीला काय धुवायचं? इतक्या वर्षांचा विश्वास आहे.” नातू पान चावत माझ्याकडे पाहत होता. त्याचं नाकही बारीक बारीक हलत होतं.

त्या गेल्यावर मी उरलेल्या सांबाराच्या जुड्या पोत्याखाली सारल्या. कोणी विचारलं तर संपला म्हणाले. यांनी पाहिलं. घरी येऊन त्यांनीच त्या खताच्या खड्ड्यात टाकल्या आणि वर माती ओढली. पण उरलेल्या म्हणजे थोड्या हो. बऱ्याचशा गेल्या होत्या. गेल्या त्या गेल्या.

आता हा हंगाम पुन्हा आलाय. भुऱ्या मजेत आहे. मऊ, कोरडा, वास नाही, डोळे चकचकीत. पाहायला येणाऱ्या बाया विचारतात, काय खाऊ घालता वं याले? मी सांगते, गवत, आणि घरच्या वाफ्यातला मूठभर पाला. सांगताना दरवेळी जीभ अडखळते. विहिरीजवळचा वाफा यांनी यंदा लांबवला आहे, कोणी न सांगता. दुसऱ्या दोन वाफ्यांवर निंबोळीचं पाणी मारून पाहत आहेत. फवारा मारला की तोडणी चार दिवस पुढे ढकलतात आणि त्या चार दिवसांत घरात कोणाशी धड बोलत नाहीत. बाजारात मी भोकांची जुडी वेगळी ठेवते आणि म्हणते, हे किडीनं खाल्लं म्हणजे तुम्हीही खाऊ शकता. दहातली एक बाई घेते. बाकीच्या नऊ चकचकीत पानांचीच मागतात, आणि ती पानं अजूनही माझ्याच पोत्यावर असतात. सगळं सुधारलं असं लिहून हा लेख गोड करता आला असता. पण गोडानं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे.

तरी त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय टोचतं, ते त्या सोमवारचंच आहे. बाजारातून आलो, यांनी खड्ड्यावर माती ओढली, दिवेलागण झाली. मी आत लसूण सोलत बसले होते. बाहेर ओट्यावर पल्लवीला तिच्या आईचा फोन आला. दार उघडं होतं. ऐकू नये असं ठरवलं तरी ऐकू येतंच.

“काय केलं वं आज? मेथी? बाजारातून आणली का?” मग थोडं थांबून, “घेत जाजो, पण आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवजो. अन् दोन-तीनदा धुवजो चांगली… काऊन म्हणजे? असंच. मोबाइलवर पाह्यलं.”

पलीकडून आई काहीतरी बोलली. काय विचारलं असेल ते मला न ऐकताही कळलं. मी लसणाची पाकळी हातात तशीच धरून बसले.

मग ती म्हणाली, “नाई वं आई. आमची तशी नाई राह्यत. आमची चांगली हाय.”

लग्नाला इतके महिने झाले होते, आणि ती अजून ‘तुमचं वावर’, ‘तुमची भाजी’ असंच म्हणायची. आमचं घर म्हटलं की समुद्रपूरचं. सुनेच्या तोंडून आमचं हा शब्द कधी निघतो याची सासू वाट पाहत असते, बोलत नसली तरी. मीही पाहत होते. त्या संध्याकाळी तो निघाला, आणि तो काढायला पोरीला आपल्या आईशी खोटं बोलावं लागलं.